टोस्टला वापरलेला शब्द

काल वटार गावी भाचीच्या लग्नात घरच्या वाइनचा ग्लास हातात आला. तो आंबटगोड वास नाकात शिरला आणि मी तीस वर्षं मागे, तिच्या आईच्या लग्नाच्या मांडवात जाऊन पोहोचलो.

टोस्ट तेव्हाही माझ्याकडेच होता, म्हणजे नवरा-नवरीसाठी ग्लास उंचावून चार शब्द बोलायचे. नुकताच कॉलेजात गेलेला मी, डिक्शनरीतला एक शब्द आठवडाभर घोकत होतो. 'फेलिसिटसली बोलायचं तर' अशी इंग्रजीत सुरुवात ठोकली आणि नवऱ्याकडच्या शहरी पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुढच्याच खुर्चीवर पप्पा होते. जन्मभर केळीच्या वाडीत राबलेले, इंग्रजीचा गंध नाही. इकडेतिकडे बघून त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

जेवताना हळूच म्हणाले, "तो मोठा शब्द काय रे होता?"

"नेमकं आणि ऐकणाऱ्याला गोड वाटेल असं बोलणं," मी ऐटीत सांगितलं.

"असं होय. मला आपलं वाटलं, बहिणीबद्दल काहीतरी बोलशील."

काल मी आमच्या घरच्या बोलीत बोललो. बहिणीबद्दल, वाडीबद्दल, पप्पांबद्दल. एकही शब्द शोधावा लागला नाही. बायका डोळे पुसत होत्या. पप्पा पुढच्याच खुर्चीवर होते. आता ऐंशीच्या पुढचे, कान पार गेलेले, मशीन लावूनही काही ऐकू येत नाही.

इकडेतिकडे बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या.