चालवायचं नाही या अटीवर आलेलं मशीन

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीस वर्षं दुसऱ्याच्या लेथवर लोखंड कातलं आणि मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याची शेड घेऊन स्वतःचं एक जुनंपुराणं लेथ बसवलं. ध्यास एकच होता, की एखादं जर्मन मशीन आपल्या मालकीचं असावं आणि हात चालतोय तोवर त्यावर स्वतः काम करावं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तसं एक सेकंडहँड मशीन मिळालं. मुंबई बंदरापर्यंत सुखरूप आलं आणि तिथं कस्टमवाल्यांनी अडवलं. का, तर दहा वर्षांपेक्षा जुनं मशीन आणायला बंदी, आणि हे तसं असावं असा त्यांना संशय. दहा वर्षं दोन महिन्यांचं लेथ देशात शिरलं तर देशाचं काय होईल, कल्पनाच करवत नाही!

आम्ही हायकोर्टात गेलो. कोर्ट दयाळू. निकाल लागेपर्यंत मशीन घरी न्या म्हणालं. फक्त विकायचं नाही, हलवायचं नाही आणि चालवायचं नाही. इंग्रजी ऑर्डर मीच आबांना वाचून दाखवली. घरात बी.कॉम. झालेली मी एकटीच.

"मग ठेवायचं कशाला? बघायला?" आबा म्हणाले.

व्हय, बघायलाच. सरकारचं गोदाम आमच्या शेडमध्ये, तेही फुकट! आबा त्याच्याकडे बघत बघत जुन्या लेथवर पोट भरत राहिले.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी कोल्हापुरातल्या कुठल्याही शेडमध्ये जा, मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, आणि पूजा झाली की शकुनाला दोन मिनिटं मशीन चालवायचं. न चालवता केलेली पूजा इथं कुणी पूजा धरत नाही. आबांनी जर्मन मशीनवर पितळेचा बोटाएवढा तुकडा कातला. मी शेजारीच उभी होते, ऑर्डर तोंडपाठ असलेली बी.कॉम., आणि टाळ्या वाजवत होते. शहाणी कुठली!

तिसऱ्या दिवशी कस्टमचे साहेब तपासणीला हजर. आबांनी "या पावणं, बसा" म्हणत पेढे पुढं केले. साहेबांनी दोन पेढे खाल्ले, हात पुसले आणि मशीनखालच्या ट्रेमधला पितळेचा ताजा कीस पुडीत बांधून घेतला. रिपोर्टात किसाबद्दल दोन पानं होती. पेढ्यांचा उल्लेख राहून गेला.

आता मशीन परत बंदरावरच्या गोदामात जाणार, हे उघड होतं. पण वकिलांना वाट सापडली. कीस शेजारच्या जुन्या लेथवरून उडाला, असं प्रतिज्ञापत्र करायचं, बस्स. मी ते टाईप करून आणलं. आबांनी वाचायला लावलं आणि पेन बाजूला ठेवलं.

"देवापुढं चालवलं आन् कोर्टापुढं न्हाय म्हणू?"

"आबा, मशीन जाईल!"

"जाऊ दे की. माझ्या हातानं चाललंय ते."

मी इतकी चिडले की आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. सगळ्या जगाच्या खरेपणाचा ठेका काय आमच्या एकट्या शेडनं घेतला होता?

आबांनी कोर्टात खरं ते सांगितलं. कोर्टानं शांतपणे ऐकून घेतलं, त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि सवलत रद्द केली. कौतुक ऑर्डरमध्ये छापून आलंय. कुणाला हवं असेल तर झेरॉक्स देते.

मशीन न्यायला ट्रक आला त्या दिवशी आबा सकाळपासून ग्रीसचा डबा घेऊन बसले होते. बेडला, स्क्रूला, चकच्या जबड्यांना, जिथं बोट जाईल तिथं ग्रीस चोपडत होते. मशीन ट्रकवर चढलं तसे ते सह्या घेणाऱ्या साहेबांसमोर गेले. न्यायाधीशांपुढंही ताठ उभ्या राहिलेल्या त्या माणसानं काळेकुट्ट हात जोडले.

"पावणं, तिथं समुद्राची हवा. गंज धरंल. महिन्यातनं एकदा तेवढं तेल लावा की."

साहेबांनी हातातला कागद पुढून पाहिला, मागून पाहिला.

"ऑर्डरमध्ये तसं काही नाही," म्हणाले.