चाळीसने हलका काटा

माझा थोरला भाऊ वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानातले छोटे काटे, गोदामातले मोठे, आणि अख्खा मालट्रक ज्यावर चढतो तो महाकाय काटाही. घरात त्याला मिलीग्रॅम म्हणतात. हे नाव मीच पाडलं, कारण लहानपणी तो खाऊचे दोन वाटे करायला बसला की ते सारखे होईपर्यंत माझी भूक मरून जायची.

त्याचं काम बघण्यासारखं असतं. काटा तपासताना तो जवळ कुणाला उभं राहू देत नाही. दुकानदाराचा हात, टेबलाला टेकलेलं पोट, डोक्यावरचा पंखा, सगळं आधी बाजूला. मग आकडा स्थिर होईपर्यंत हाताची घडी घालून गप्प उभा. दुकानदार चुळबुळायला लागला की म्हणतो, "साहेब, त्याला जरा श्वास घेऊ द्या."

असा हा थंड डोक्याचा माणूस दवाखान्याची पायरी चढला की त्याचा पार भुगा होतो. तळहातांना घाम, घशाला कोरड, खुर्चीच्या कडेवर बसणं. वर्षानुवर्षं तो डॉक्टरांना चुकवत आला होता. पण ट्रकच्या काट्याखाली खड्डा असतो, शिडीने उतरून त्यात काम करावं लागतं, आणि पंचावन्न ओलांडलेल्या माणसाने त्यात उतरायचं तर डॉक्टरचा कागद हवा, असा नवा नियम आला. तो खड्डा म्हणजे दादाचा जीव की प्राण. दुकानातले काटे काय, कुणीही करेल, असं तो म्हणतो.

कागदासाठी गेलो तेव्हा मीही बरोबर होते. कुणी बोलावलं नव्हतं. पण वहिनी पडली शांत, तिच्याच्याने डॉक्टरांना चार प्रश्न विचारणं होत नाही. माझं इस्त्रीचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून माझं तोंड चांगलं चालतं.

डॉक्टर तरुण होत्या, स्वभावाने गोड. त्यांनी दादाच्या दंडाला पट्टा गुंडाळला. मी स्टूल ओढून मशीनच्या समोरच बसले. वरचा आकडा आला एकशे अडुसष्ट. मी तो दोनदा वाचून बघितला.

"कागद आत्ता नाही देता येणार," डॉक्टर म्हणाल्या. "एक मशीन घ्या, दोन आठवडे घरी रोज मोजा आणि वहीत लिहा. मग बघू."

दोन आठवड्यांनी वही आली. एकशे चौसष्ट, एकशे सहासष्ट, एकशे त्रेसष्ट. घरीसुद्धा एवढं! डॉक्टरांनी गोळी सुरू केली. पुढच्या खेपेला वहीत एकशे पंचावन्न, दवाखान्यात एकशे साठ. गोळी दुप्पट झाली. मी आपली दुपारची गिऱ्हाइकं टाकून रोज त्याच्या घरी फोन करायची. मीठ कमी केलंस का? चाललास का? गोळी घेतलीस का? तो "हो, हो" करून फोन वहिनीकडे द्यायचा.

मग एका सकाळी वहिनीचा फोन आला. दादा गोदामात वीस किलोचं वजन उचलायला वाकला, उभा राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली बसला. वजन पायापासून वीतभर अंतरावर पडलं. वीतभर! मी गरम इस्त्री तशीच सोडून धावले, आणि अर्ध्या रस्त्यातून ती बंद करायला परत फिरले.

घरी पोचले तर हा पलंगावर पांढराफटक, आणि वर मलाच म्हणतो, "काही नाही गं, उन्हाने झालं."

माझा जीव एका जागी ठरेना. मशीन उचललं, ठेवलं, परत उचललं. त्याला एक बटण होतं, दाबलं की जुने आकडे दिसत. मी दाबत गेले. एकशे चार. एकशे सहा. एकशे तीन. वही उघडली. त्याच तारखा, तीच वेळ, आणि अक्षर दादाचं, मोत्यासारखं. एकशे चव्वेचाळीस. एकशे सेहेचाळीस. एकशे त्रेचाळीस. मी मशीन उलटं केलं. खाली एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली, त्यावर तारीख आणि सही. लिहिलं होतं, 'चाळीसने हलका'.

"दादा, हे काय आहे?"

"ते होय," तो म्हणाला. "मशीन कमी दाखवतं. पहिल्या दिवशी दवाखान्यात अडुसष्ट आलं ना? त्याच संध्याकाळी ह्याच्यावर अठ्ठावीस. दवाखान्याच्या आकड्याशी ताडून बघितलं, चाळीसचा फरक. उघडून दुरुस्त करणार होतो, पण हिने स्क्रूड्रायव्हर लपवला. म्हणून रोज चाळीस मिळवून लिहितो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे शहाण्या, तू स्वतःला चाळीसचं खोटं वजन लावून गोळ्या खातोयस!"

"खोटं कसं? दवाखान्याचं मशीन प्रमाण असतं."

आयुष्यभर तो असंच करत आला. प्रमाण वजन ठेवायचं, फरक लिहायचा, चिठ्ठी लावायची. वहिनीने मात्र पहिल्यांदाच आवाज चढवला. "उठा. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे."

डॉक्टरांनी वही बघितली, चिठ्ठी बघितली, आणि हसू दाबलं. दोन्ही मशीन त्यांनी आधी माझ्याच दंडाला लावली. एकावर एकशे चौतीस, दुसऱ्यावर एकशे बत्तीस. मी रागावलेली होते, नाहीतर इतकं नसतं.

"काका, तुमचा काटा अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आणि माझाही. काही माणसांचं प्रेशर फक्त इथे आल्यावर चढतं. आपण असं करू. मी बाहेर जाते, मशीन आपलं आपण मोजेल."

दादाचा चेहरा उतरला. आपल्या धंद्यातली चूक कुणी दाखवली की त्याचा असाच उतरतो. डॉक्टर गेल्या, वहिनी पाणी आणायला गेली. मी स्टुलावर बसून राहिले, डोळे आकड्यावर. पट्टा फुगला, सुटला. एकशे बावन्न.

"तूही बाहेर जा," दादा भिंतीकडे बघत म्हणाला.

"मी काय केलं?"

"काट्याजवळ बसली आहेस."

मी तोंड उघडलं, पण तोच पुढे बोलला, हळू. "बाबांना शेवटचं दाखवायला नेलं होतं, आठवतं? तू चौदाची. त्या पाऱ्याच्या नळीसमोर अशीच बसली होतीस. माझ्या जागेवरून पारा दिसत नव्हता. मी तुझं तोंड बघत होतो. तुझ्या तोंडावरून कळलं मला, बाबा वाचत नाहीत म्हणून. अजूनही इथे आलो की मी आकडा नाही बघत गं. तुझंच तोंड बघतो."

मी उठले. दार लावून घेतलं. बाहेर बाकावर बसले, उठले, नळापर्यंत गेले, पाणी न पिताच परत आले. दाराला कान लावला तर आतून मशीनची घुरघुर, आणि मग काहीच नाही. दोनदा कडीला हात घातला आणि दोनदा काढला. आजवर मला वाटायचं, मी त्याची काळजी वाहते. मला रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत उभी राहिले.

एकशे सोळा आलं. डॉक्टरांनी गोळी लगेच कमी केली आणि सांगितलं, मशीन दाखवेल तेच लिहायचं, बेरीज नाही. दोन आठवड्यांनी परत.

"म्हणजे मी एकटी छत्तीसची," रस्त्यात मी म्हणाले.

"भांड्यासकट तोललं की व्हायचंच असं," दादा म्हणाला, आणि किती दिवसांनी हसला.

दोन आठवड्यांनी तो वहिनीबरोबर गेला. मी दुकानातच राहिले. एकाच सदऱ्यावर तीनदा इस्त्री फिरवली, चौथ्यांदा कॉलर पिवळी केली. घड्याळ बघितलं, फोन उचलला, ठेवला. मध्ये एक बाई साड्या घेऊन आल्या, त्यांना मी भलत्याच माणसाची चादर दिली.

दुपारी त्याचाच फोन आला. मागे ट्रकचा धडधडाट, आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"कुठे आहेस?"

"खड्ड्यात. कागद मिळाला. किती आलं, विचारत नाहीस?"

जीभ वळवळत होती. मी इस्त्री उभी केली.

"नाही," मी म्हणाले. "शिडी धरून सावकाश वर ये."