न तडकलेली पट्टी

मी इनासला फसवलं. त्याने मला कधीही फसवलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जाता जाता मी माझी बाजू सजवायला लागेन. सौदा करायची सवय हाडात भिनली आहे. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

वसई पूर्वेला माझा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. मी जवळच्याच चांदीप गावचा. दुसऱ्याच्या गाळ्यात लोखंड उचलत काम शिकलो. नव्वदनंतर विरारला इमारती उठायला लागल्या तेव्हा स्वतःचा गाळा घेतला. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे. बिल्डरांशी आवाज चढवून भाव मिळवला, कोणापुढे वाकलो नाही. इनास पाचूबंदरचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. होडी सोडून वेल्डिंगला आला आणि पहिल्या दिवसापासून माझ्याकडे राहिला. पण आयुष्यभर जाळ्याच जोडायच्या का? हा प्रश्न मला पडायचा. त्यालाही पडत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

त्सुनामीच्या पुढच्या वर्षी पेपरात वाचलं, नौदलाला नवी जहाजं हवी आहेत. पुढचं तोंड किनाऱ्याच्या वाळूवर टेकवायचं, दार खाली पाडायचं, की रणगाडे, ट्रक, पूरग्रस्तांचं धान्य, सगळं थेट जमिनीवर. मी बातमी कापून गाळ्यात चिकटवली. मुंबईची एक खाजगी गोदी अशा कामासाठी छोट्या कारखान्यांची यादी करत होती. अट एकच — निदान एक वेल्डर ‘ओव्हरहेड’ पास हवा. म्हणजे जोड डोक्याच्या वर, ठिणग्या अंगावर, आणि वितळलेलं लोखंड खाली गळता कामा नये.

इन्स्पेक्टर आले. इनासने परीक्षा दिली. मीही दिली — काय गरज होती? पण मालक असून बाजूला उभा राहू? माझं डोकं असंच चालतं.

या परीक्षेत जोडलेल्या पत्र्याची पट्टी कापतात, जोड घासून सपाट करतात आणि ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवतात. तडा गेला तर नापास. घासल्यावर जोड कोणाच्या हातचा हे खुद्द जोडणाऱ्यालाही ओळखता येत नाही. ओळख फक्त पट्टीच्या टोकाला ठोकलेल्या नंबरची. इनासचा सात, माझा आठ.

पट्ट्या आणि सर्टिफिकेट पार्सलने आलं. आठ नंबर मधोमध तडकला होता. सात नंबर — काय सांगू — नख फिरवलं तरी कुठे अडकत नव्हतं.

मी ग्राइंडर घेतला आणि दोन्ही नंबर घासून टाकले.

का? इनासचा मोठा भाऊ आखातात जहाजदुरुस्तीच्या गोदीत होता. ओव्हरहेडचं सर्टिफिकेट मिळव, तुला लगेच बोलावतो, असं त्याने कळवलं होतं. इनास गेला तर माझी जहाजं कोण जोडणार? हे एक कारण. दुसरं लिहायला जास्त जड जातं. मालक नापास आणि कामगार पास — हे मला गिळवलं नाही.

तडकलेली पट्टी मी त्याच्या हातात दिली. म्हटलं, “ही तुझी.”

त्याने ती उलटीपालटी करून पाहिली. मग हसला. “माजा हात उलटा चालत नाय शेठ, दुसरं काय! तुमचं काय झालं?”

“पास.”

दुसऱ्या दिवशी तो माझ्या पास होण्याचं पापलेट घेऊन घरी आला. बायकोने तळलं. मी खाल्लं.

इनासच्या नावाच्या सर्टिफिकेटवर माझा गाळा यादीत लागला. कागद इंग्रजीत, माझ्या कुलपात. त्याने कधी मागितला नाही. नापासाला कसला कागद?

मी ठरवलं होतं, जहाजांचं काम आलं की सांगून टाकीन. काम आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बातमी — जहाजं घेणार. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मी गोदीत फोन करून भांडायचो, गाळ्यात येईल त्याला ऐकवायचो — आमच्यासारख्यांना आशेवर बसवून ठेवता, याचा जाब कोण देणार? माझा हा राग खरा होता. आजही आहे.

पण त्या वर्षांत इनास काय करत होता, ते ऐका. जेवणाच्या सुट्टीत डबा उरकून तो कामाच्या टेबलाखाली उताणा झोपायचा आणि भंगाराचा तुकडा वर लावून ओव्हरहेडचा सराव करायचा. ठिणग्या कॉलरमधून आत जायच्या. मानेवर मसुराएवढे डाग पडले. म्हणायचा, “जहाजं आली का परत परीक्षा देतो शेठ. या टायमाला बघा.” मग तुकडा माझ्यापुढे धरायचा. “कसा झाला?”

प्रत्येक जोड निर्दोष असायचा. आणि मी म्हणायचो, “अजून थोडं.”

किती वेळा म्हटलं असेन? सर्टिफिकेट जिवंत ठेवायला मालकाने दर सहा महिन्यांनी सही करायची असते, की या वेल्डरचा हात चालू आहे. मी सही करत राहिलो. टेबलाखाली त्याचा हात चालूच होता की.

सांगायचं तर कसं? एका वर्षाचं खोटं एका वाक्यात सांगता आलं असतं. चार वर्षांचं कसं सांगणार? त्याला अडकवायला मी जी जाळी जोडली, तिच्यात मीही आत राहिलो. त्याचा भाऊ आखात सोडून घरी परतला. आता बोलावणारंही कोणी उरलं नाही. सात नंबरची पट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. बिल काढताना हाताला लागते.

परवा इनास पेपर नाचवतच आत आला. “शेठ, वाचलंत? चार जहाजं घेनार!” चष्म्याशिवाय त्याला आता वाचता येत नाही. बातमी त्याच्या बायकोने वाचून दाखवली म्हणाला. दुपारी डबा अर्धाच टाकून तो टेबलाखाली शिरला. अजून कुठला डाग पडायचा राहिला होता त्याच्या मानेवर? मी पंखा लावायच्या निमित्ताने उठलो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

जहाजं का आली नाहीत, याचा जाब ज्यांनी द्यायचा त्यांनी द्यावा. तो मी मागतच राहणार. पण त्या टेबलाखाली एक पास झालेला माणूस इतकी वर्षं उताणा का पडला, याचा जाब दिल्लीत नाही, गोदीत नाही. गाळ्याच्या पाटीवर मालकाचं नाव ठळक लिहिलेलं आहे. तो जाब त्याने द्यायचा आहे.