घोंगडीवरून बैठकीत

मागच्या खेपेला टेलिफोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, आम्हाला राग ओळखता येत नाहीत, मग हे गाणं ऐकायचं तरी कसं?" तिकडे तुमची सकाळ होती आणि शाळेची घाई. असल्या प्रश्नाचं उत्तर घाईत देऊ नये. म्हणून आता सावकाश, क्रमाने लिहिते. उत्तर माझं नाही, माझ्या आत्याचं आहे.

धारवाडला मालमड्डीत आमचं घर होतं. वडील वकील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांना गाण्याचा भारी नाद. अधूनमधून रविवारी सकाळी आमच्या पुढच्या मोठ्या खोलीत बैठक व्हायची. आम्ही घरात मराठी बोलत असू, दारात आलेल्या माणसाशी कानडी, आणि गाणं असायचं हिंदीत. यात कुणाला काही विशेष वाटत नसे. पुरुष जाजमावर बसत. बायका माजघरात, बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे. आणि आत्या त्याच्याही मागे, स्वयंपाकघरात.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्न झालं ते कळत नव्हतं त्या वयात, आणि नवरा गेला तेही कळत नव्हतं त्याच वयात. तेव्हापासून ती आमच्याकडे. अंगावर विधवेचं लाल आलवण, त्याचाच पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. गाणं संपलं की गवयाचं जेवण आमच्याकडे, आणि ते सोवळ्यात व्हायचं. सोवळं म्हणजे काय, तर आंघोळ करून, वेगळं वाळवलेलं वस्त्र नेसून स्वयंपाकाला लागायचं; मग जेवणं होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही, आणि चारचौघांनी तुडवलेल्या जाजमाला तर मुळीच नाही. रांधणारी आत्या. म्हणजे ज्या वेळी गाणं, नेमकी त्याच वेळी ती सोवळ्यात अडकलेली.

तिने तक्रार केलेली मी ऐकली नाही. वरण शिजत लावलं की ती माजघराच्या बाजूच्या झरोक्याखाली पाट घेऊन बसायची आणि देवाच्या वाती वळायची. हात रिकामे असले तर मला ऐकू येत नाही, म्हणायची. मी तिची मदतनीस. शाळेतून आले की शाळेचे कपडे बाहेर टाकून धाबळी नेसायची, म्हणजे लोकरीचं वस्त्र. लोकरीला आणि रेशमाला विटाळ नाही, असा नियम. धाबळी नेसली की मी स्वयंपाकघरात जायला मोकळी. बैठकीच्या दिवशीही मी तशीच तिच्याजवळ जाऊन बसत असे.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. इंग्रजी व्याकरण शिकवावं तसे अण्णांनी मला राग शिकवले होते: हा कोणत्या वेळचा, यात काय चालतं, काय चालत नाही. नाव ओळखलं की मी खूश. एकदा मी झरोक्याखाली बसून म्हटलं, "आत्या, ही तोडी."

"असेल," ती म्हणाली. "मला तर हे लोणी कढवल्यासारखं वाटतंय. आधी नुसता तडतडाट. आता बघ, गप्प होत चाललंय. तूप दिसायला लागेल आता."

मी हसले. पण खरंच थोड्या वेळाने गवयाचा आवाज असा स्वच्छ आणि स्थिर झाला की मला पातेल्याचा तळ दिसल्यासारखं वाटलं.

तिची सगळी नावं अशीच. एक विहिरीचं गाणं होतं, त्यात सूर पोहऱ्यासारखा खाली खाली जायचा आणि पाण्याला टेकला की दोर सैल पडायचा. एक उन्हात घातलेल्या पापडांचं, कडा वर उचलणारं. एखाद्या गवयाबद्दल ती म्हणायची, "याला भूक लागलीय गं, पानं मांडायला घे." आणि खरोखरच तो लवकर आटपायचा.

"पण आत्या, नाव नको का कळायला?"

"कळू दे की. भाजीचं नाव कळलं म्हणजे चव कळली का, पोरी?"

आता मुख्य गोष्ट. एक वृद्ध बुवा वर्षातून एकदा आमच्याकडे गायचे. मूळचे धारवाडकडच्याच खेड्यातले, कानडी बोलणारे. आगगाडीने यायचे आणि स्टेशनवरून अण्णा त्यांना घरी आणवत. आत्याचा त्यांच्यावर फार जीव. त्या वर्षी त्यांचा निरोप आला की गुडघे धरलेत, या खेपेनंतर प्रवास बंद. अण्णांनी जेवताना ते सांगितलं. आत्या वाढत होती. नंतर चुलीपाशी मला हळूच म्हणाली, "गाताना माणसाचं तोंड कसं दिसतं गं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. इतकी वर्षं आमच्या घरात गाणं होत होतं, आणि आत्याने गाणारा माणूस एकदाही पाहिला नव्हता. आरती म्हणणारी माणसं तेवढी पाहिलेली.

मी म्हटलं, "या खेपेला तू पुढे येऊन बस."

"सोवळं मोडून? त्या बुवांच्या ताटात मग काय वाढू? मोडून मी येणार नाही. न मोडता येता येत असेल तर सांग."

एवढं बोलून ती भांडी आवरायला लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. माझा सुरू झाला.

तुमची आजी पहिल्यापासून नीटनेटकी. कपड्यांच्या घड्या घालताना डोकं चांगलं चालतं, हा माझा अनुभव आहे. शाळेचं लुगडं घडी करून ठेवलं, धाबळी हातात घेतली, आणि नेसता नेसता थांबले. मग नेसणं उरकून तडक अण्णांच्या कचेरीच्या खोलीत गेले.

"अण्णा, एक कायद्याचं विचारायचंय."

"विचारा, वकीलसाहेब."

"धाबळी नेसली की बाहेरची मी आत जाऊ शकते. बरोबर?"

"बरोबर."

"कारण लोकरीतून विटाळ जात नाही."

"नाही जात."

"मग लोकर अंथरली तर आतलं माणूस बाहेर का येऊ शकत नाही? विटाळ एका बाजूने अडतो आणि दुसऱ्या बाजूने अडत नाही, असं कुठे लिहिलंय?"

अण्णांनी चष्मा काढला. कुणाबद्दल बोलते आहे ते त्यांना कळलं होतं. मग म्हणाले, "अक्का तयार आहे?"

"न मोडता येता येत असेल तर, म्हणाली."

"लोक बोलतील."

"कोर्टात तुमच्याविरुद्ध रोजच बोलतात, अण्णा."

ते हसले नाहीत, पण चष्मा परत घातला आणि म्हणाले, "घोंगड्या नव्या हव्यात. बाजारात धनगरांकडे मिळतील."

रविवारी बुवा आले, तंबोरे लागले, जाजम भरलं. पहिल्या रांगेत नेहमीप्रमाणे आमचे शेजारी, निवृत्त हेडमास्तर. ते मांडीवर ताल धरत, आणि समेवर "वा!" म्हणण्याचा पहिला मान त्यांचा असे, दुसरं कुणी आधी म्हटलं तर मान वळवून बघायचे. मी दोन काळ्या घोंगड्या घेऊन आले. एक स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अंथरली. आत्या तिच्यावर उभी राहिली. दुसरी तिच्या पुढे टाकली. ती त्या घोंगडीवर गेली. मग मागची काढून पुन्हा पुढे. नदीत दगडांवर पाय देत जावं तसे आम्ही माजघर ओलांडलं. बायका बाजूला सरकून बघत होत्या. आई कुजबुजली, "वन्सं, पदर सांभाळा, जाजमाला लागेल." आत्याने पदर गोळा करून खोचला. एका हातात कापूस होताच.

चिकाचा पडदा मी खांद्याने उचलला. आत्या पुढच्या खोलीत आली.

मास्तर घसा खाकरून अण्णांना म्हणाले, "वकीलसाहेब, हे काय? बुवा गायला बसताहेत. शुभ कार्याला आरंभीच समोर..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. सोडलेलंच जास्त ऐकू आलं.

आत्या घोंगडीवर उभी होती. मला तिच्या पावलांची बोटं दिसत होती, लोकरीत रुतलेली. ती मागे वळणार असं मला वाटलं. पण ती वळली नाही. पदराआडून, जेवायला बसलेल्या माणसाला विचारावं तशा आवाजात म्हणाली, "मास्तर, माझ्या हातची पुरणपोळी तुम्हाला शुभ कार्यातच वाढते ना मी? मागून घेता की."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बुवा तर तोंडातलं पान सांभाळत मोठ्याने हसले. "बर्री, अक्का, बर्री," ते म्हणाले. या, अक्का, या. मग मास्तरांकडे वळून आपल्या कानडी वळणाच्या मराठीत, "जेवण चालतंय, आणि जेवण करणारी चालत नाही काय हो? बसू द्या. जरा सरका."

मास्तर सरकले. पहिल्या रांगेतल्या त्या जागेवर मी घोंगडी अंथरली आणि आत्या बसली. मी तिच्या मागे.

बुवांनी षड्ज लावला आणि डोळे मिटले. भुवया वर गेल्या, जबडा एकीकडे ओढला गेला, हात हवेत काहीतरी चाचपू लागला. आत्या थक्क होऊन बघत होती. थोड्या वेळाने मागे न बघता मला म्हणाली, "अगं, दाढ दुखतेय का यांची?"

मी तोंडावर हात दाबला. तिचेही खांदे हलत होते. पण मग ती हातातल्या कापसाच्या वाती वळायला लागली, आणि हसू ओसरलं.

मला त्या दिवसाचं गाणं तिच्या हातांत दिसलं. आलाप पसरट होता तोवर वात लांब आणि सैल निघत होती. लय वाढली तशी बोटं घट्ट झाली. एका मोठ्या तानेवर मास्तर मांडी थोपटून "वा! वा!" म्हणाले, सगळे डोलले, आत्याचे हात तसेच चालू. जोरात चाललेलं म्हणजे चांगलं, असं तिला कधी वाटलं नाही. पुढे बुवा अगदी हळू आवाजात वरच्या एका सुराकडे निघाले. सगळ्यांना ठाऊक होतं की आता ते तो सूर घेणार. ते त्याच्या दाराशी गेले, क्षणभर उभे राहिले, आणि न शिवता परत आले.

आत्याची बोटं थांबली. अर्धी वळलेली वात तशीच हातात.

"अगंबाई!" ती म्हणाली. मोठ्याने.

मास्तरांनी मान वळवली. सगळ्या खोलीने वळवली. बुवांनी डोळे उघडले, पण गाणं सोडलं नाही. ते आत्याकडे बघत हसले, आणि त्याच वाटेने पुन्हा निघाले, पुन्हा दाराशी गेले, तिच्या थांबलेल्या हातांकडे बघत तिथेच रेंगाळले आणि मग तो सूर असा दिला की पडद्यामागून बायकांचा आवाज फुटला. पहिल्यांदाच. "वा" नव्हे; त्यांना "वा" म्हणायची सवय कुठली? कुणी "अय्या", कुणी "देवा रे", आणि माझ्या आईचा शांत, स्पष्ट आवाज: "हं! असं!"

मास्तरांचा ताल चुकला. त्यांनी मुकाट्याने हात मांडीवर ठेवला आणि मग उरलेला वेळ नुसतं ऐकलं. मला वाटतं, त्यांनाही ते बरं वाटलं.

गाणं संपल्यावर आत्या आली तशीच घोंगडीवरून परत गेली, फक्त या वेळी मागची घोंगडी काढून पुढे टाकायला माजघरातल्या चारचौघी धावल्या. बुवांना तिने स्वतः वाढलं. ते म्हणाले, "अक्का, आज तुमच्या हातांनी मला गायला लावलं." ती म्हणाली, "आमटी घ्या," आणि डाव पुढे केला.

संध्याकाळी मी विचारलं, "मग? पाहिलंस तोंड?"

"पाहिलं बाई. एकदा पाहायचं होतं, पाहिलं." तिने नव्या घोंगड्या झटकून घडी केल्या आणि खालच्या फळीवर, सहज हाताला येतील अशा ठेवल्या. "आता पुढचा गवई येईल तेव्हा डोळे मिटून ऐकीन. पण बसेन तिथेच, पुढे."