आमच्या झोपाळ्याला सिंधी समजतं

समस्त वाचकवर्गास अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, चौलला आमच्या वाडीतल्या घरातला झोपाळा आपोआप हलतो, आणि त्याला सिंधी समजतं.

हसा! मीही हसायचो. भूतबित सगळं झूट, असं चारचौघांत ठणकावून सांगायचो... (त्या घरात मुक्कामाला मात्र कधी गेलो नव्हतो, हा निव्वळ योगायोग.)

फाळणीला दीड-दोन वर्षं झाली होती. त्या घरात भाडेकरू टिकत नसे. भर दुपारी ओटीवरचा रिकामा झोपाळा हलायला लागायचा. आणि रिकामा झोपाळा हलला की घरही रिकामं होतं, असं आमच्याकडे पक्कं मानतात. शेवटी ते मी सिंधहून येऊन निर्वासितांच्या छावणीत राहणाऱ्या हरीला दिलं. तो रेवदंड्याच्या बाजारात कापड विकायचा. सोबत त्याची म्हातारी आई. कराची सोडल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसायची, दोन घासांवर जगायची. शेजारच्या भागीकाकी रोज भाकरी घेऊन दारात उभ्या — "आजे, जेवलीस का न्हाय?"

एका दुपारी काकींची बोंब ऐकून मी धावलो. रिकामा झोपाळा करकरत हलत होता! हरी बोचकं बांधत होता.

"छावणीत परत जातो, शेठ. अम्मा इथे मरेल."

म्हातारी उठली. त्याच्या हातातलं बोचकं ओढून तिनं गाठ सोडली, तांब्या काढून चुलीपाशी ठेवला. मग झोपाळ्यासमोर उभी राहून कडाडली, "परे थी!"

"अगो बाय! परी दिसली हिला!" काकी किंचाळल्या.

"'सरक तिकडे' म्हणते ती," हरी रडत-हसत म्हणाला. "काकी, अम्मा बोलली!"

आणि देवाशपथ सांगतो — झोपाळा जागच्या जागी थांबला. एक घर सुटलं होतं, दुसरं सोडायला म्हातारी तयार नव्हती. ती ऐटीत झोपाळ्यावर बसली, शेजारी एका माणसाची जागा सोडून. बाई बुटकी, पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. कोणी हात लावला नाही. तरी झोपाळा पुन्हा निघाला... अगदी हळूहळू.

मी कड्या पाहिल्या, तुळई पाहिली. बाहेर पोफळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. इतक्या वर्षांत मला उत्तर सापडलेलं नाही.

म्हातारीला उत्तर नकोच होतं. तिची तक्रार वेगळी होती. झोके फारच मिळमिळीत! मागे वळून, आधी सिंधीत 'जोरात!' आणि मग तिला येत असलेलं एकुलतं एक मराठी वाक्य तिनं त्या न दिसणाऱ्यावर हाणलं:

"जोर सां! जेवलीस का न्हाय?"