वन्संच्या चित्रांना घर

माझ्या थोरल्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि पगार भिंतीवर टांगला. लग्न केलं नाही. केलं असतं तरी नवऱ्याला घरात टेकायला भिंत नव्हती. चित्र कसं निवडता, असं विचारलं की म्हणत, "बिचाऱ्याने मनापासून काढलंय." झाली निवड.

पंचाहत्तरीनंतर गुडघ्यांनी असहकार पुकारला. आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत त्यांनी यायचं ठरलं. पण चित्रांना घर मिळाल्याशिवाय मी जिना उतरणार नाही, म्हणाल्या, आणि सगळी नगरपालिकेच्या कलादालनाला देऊ केली.

हे दालन एका वकिलाने दिलेल्या चित्रांवर, जुन्या पाणीपुरवठा कचेरीत सुरू झालं. समितीने त्यातली बरी तेवढी ठेवून उरलेली परत धाडली. वारस चिडले आणि सगळीच घेऊन गेले. बरेच दिवस लोक तिकीट काढून खिळे पाहत होते. तेव्हापासून नियम झाला, घ्यायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. म्हणून तिथे एका लाकूडवाल्याने दिलेल्या चित्रांच्या खोलीत एका अप्रतिम निसर्गचित्राशेजारी त्याच्या सासूबाई तीनदा आहेत.

वन्संच्या संग्रहात मी होते. आरामखुर्चीत, चष्मा कपाळावर, तोंड उघडं, साक्षात घोरताना. वन्संच्या मैत्रिणीने एका दुपारी मला न विचारता काढलेली. कॉलेजात माझ्या तर्कशास्त्राच्या तासाला मी कुणाला डुलकी काढू दिली नव्हती. आता ती सगळी मंडळी सहकुटुंब बघायला येणार. मी तडक दालनात गेले.

"हे एवढं एक वगळा," मी व्यवस्थापकाला म्हटलं.

त्याने उठून दार लोटलं. "बाई, खरं सांगू? समितीला हवंय ते हेच एक. बाकीची नियमापायी घेतोय."

म्हणजे मी भिंतीवर घोरले, तरच वन्संना जिना उतरता येणार होता. तर्क बिनचूक होता, मेला. शिवाय मनात गुदगुल्याही झाल्या. या वयात माणसाने निदान विचारू तरी नये, पण मी विचारलं, "काय एवढं आवडलं त्यात?"

"खुर्चीचं लाकूड. फार सुरेख उतरलंय."

मी होकार दिला. वन्सं खाली राहायला आल्या. दालनात त्यांची खोली उघडली त्या दिवशी त्या माझा हात धरून थेट मी घोरत होते तिथे गेल्या.

"नियम असला तरी तुझं ते चित्र नक्की गाळतील, हे मला ठाऊक होतं," त्या जमलेल्या लोकांदेखत म्हणाल्या. "म्हणून मी आधीच समितीच्या कानावर घालून ठेवलं, आमच्या भावजयीला तेवढं सांभाळून घ्या."

मी त्यांचे आभार मानले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा, मोठ्याने.