तुरीपलीकडची पात

तुरीच्या फुलांचा वास फार जणांना ठाऊक नसतो. दव वाळून ऊन वर आलं, की तो कोवळा, किंचित तुरट, बोटांना चिकटून राहणारा वास कपाशीच्या ऊबट धुळीत मिसळतो. आजही तो कुठे आला की मी बोलता बोलता थांबते...

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. कवितेच्या अभ्यासात वाढलेली मी. झाडांतून आवाज येणं ही मला अलंकाराची गोष्ट वाटे. पण आपल्या या ग्रुपवर परवा एकीनं लिहिलं, ‘मी सगळ्यांचं वाचते, स्वतःचं लिहायचं धाडस होत नाही. ज्यांचा चेहरा पाहिला नाही, त्यांच्यापुढे मन मोकळं करून काय होणार?’ हे तिच्यासाठी लिहिते आहे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची वर्षं होती. माझं सासर राणीसावरगावचं. यजमान पालमच्या शाळेत शिक्षक, रोज एसटीनं जाऊन-येऊन करत. माझी पहिली मुलगी जन्मली आणि दुसरा सूर्य तिनं पाहिला नाही. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी काढलं नाही — नाव ठेवलेलंच नव्हतं. ‘विसर आता’ एवढंच सगळे म्हणत. मी बोलेनाशी झाले. कापसाची वेचणी सुरू झाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, घरात भिंती बघत बसण्यापरीस शेतात जा. बायकांत चार हात चालतील.”

ओढ्याकाठच्या आमच्या शेतात कपाशीच्या काही ओळींआड तुरीची एक ओळ होती. तूर डोक्याच्या वर गेलेली. वेचताना प्रत्येकीला आपली एक पट्टी मिळे, तिला पात म्हणत. आपल्या पातीतून पुढे सरकायचं, लुगड्याच्या ओटीत कापूस भरत जायचा. शेजारचीचा चेहरा तुरीमुळे दिसत नसे. दिसली तर हिरवटपिवळी हालचाल, ऐकू आली तर काकणं. रोजानं येणाऱ्या बायका गावाच्या दोन्ही अंगांच्या, गावातल्याही आणि दलित वस्तीतल्याही. त्या दिवसांत या दोन अंगांचं आपसांतलं बोलणं आटलं होतं, पाणवठ्यावरसुद्धा माणसं मान वळवून उभी राहत. तुरीआड मात्र बायका बोलत. नवऱ्याच्या माराबद्दल, न झालेल्या लेकराबद्दल, झोप न येण्याबद्दल. त्यांची रीत एवढीच, की कोण बोलतंय ते विचारायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि बांधावर आल्यावर त्याची ओळखही दाखवायची नाही. मला ही रीत कुठल्याही काव्याइतकी थोर वाटत आली आहे.

मी मात्र नुसती ऐकत असे. बायकांची पुढारी गयाबाई माझी ओटी चाचपून म्हणे, “वैनी, कापूस कमी अन् काडीकचराच लय! कालेजात ह्येच शिकिवलं का?” सगळ्या हसत. मला हसू येत नसे. कापसानं फुगलेली ती ओटी पोटावर जड व्हायची, आणि रिकामी करताना माझे हात गार पडायचे.

एके दिवशी घरी परतायचंच नाही, असं ठरवून मी शेतात आले. याहून अधिक लिहीत नाही, समजणाऱ्यांना समजेल.

जेवणाची वेळ झाली. मला भूक नव्हती, मी पातीतच राहिले. तुरीपलीकडे बोंडं खुडल्याचा कोरडा आवाज येत होता, काकणं वाजत होती. कुणीतरी मागे राहिली असेल, असं वाटलं. आणि तोंडातून निघून गेलं, “माझी मुलगी गेली.”

काकणं थांबली. मग वयस्क, जरा खरखरीत आवाज आला, “कुनावर गेल्ती?”

जगणाऱ्या प्रत्येक लेकराबद्दल लोक हे विचारतात. माझ्या लेकीबद्दल कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगू लागले... कपाळ आजोबांचं, हनुवटी माझी, मुठी अशा घट्ट की उघडता येईनात. आवाज फक्त ‘हं’ म्हणत माझ्याबरोबर सरकत होता. आज परत जाणार नाही, हेही मी सांगितलं. मग तो म्हणाला, “आजच्या दीस जा. उरलेलं उद्या सांग.”

पात संपली, मी बांधावर आले. समोर लिंबाखाली सगळ्याजणी भाकरी खात बसलेल्या.

“एकटीच कुनासंग बोलायलीस गं?” गयाबाई म्हणाली. “आमी तर समद्या हितंच हावोत.”

मी वळून पाहिलं. तुरीपलीकडची पात पांढरीशुभ्र होती. एकही बोंड वेचलेलं नव्हतं. दोन झाडांमध्ये कोळ्याचं जाळं होतं, तेही अखंड.

गयाबाई माझ्यासोबत येऊन ते निरखत राहिली. मला वाटलं, आता अंगारा, उतारा, आरडाओरड. तिनं विचारलं, “भ्यालीस?”

“नाही.”

“मंग झालं की! पर बाई हाय भारी कामचुकार. एवढा येळ उभी ऱ्हायली अन् बोंडाला हात लावला न्हाई!” बायका खळाळून हसल्या. कितीतरी दिवसांनी मीही हसले. हसताना रडले. गयाबाईनं माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला. “उद्या ही पात तू धर. कुनी तरी असावं लागतं हितं.”

त्या संध्याकाळी मी घरी गेले.

तो आवाज कुणाचा होता, मला ठाऊक नाही. उन्हाची भूल म्हणावी, तर मला कधीच कुणी न विचारलेला प्रश्न माझ्या कानांनी आणला कुठून? यजमानांनी तर्क केले, डॉक्टरांनी केले. एकही मला पुरला नाही. तूर्त एवढंच म्हणेन, ज्या बायकांना घरी कुणी ऐकत नव्हतं, त्यांनी ऐकण्याची जागा राखून ठेवली होती, आणि त्या जागेनं मला राखलं. लिहायला घाबरणाऱ्या मैत्रिणी, म्हणून म्हणते, एक ओळ तरी लिही.

दुसऱ्या दिवशी मी तुरीपलीकडची तीच न वेचलेली पात धरली. जाळं हलक्या हातानं बाजूला केलं, वेचू लागले. ऊन चढलं. तुरीच्या पल्याड कुणाची तरी काकणं मंदावली, थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. कोण, ते मी विचारलं नाही, आजवर शोधलंही नाही. हातातलं बोंड तसंच धरून मी उभी राहिले. आणि मग पानांतून, अगदी कोवळ्या, कापऱ्या आवाजात आलं —

“हायस?”